नावड्याची इमारत आणि माझ्या खिशातली जाळी

नावड्याला पोचून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात मी एका अठरा मजली इमारतीची वीज घालवली. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

लेक फ्लॅटचं कुलूप उघडून सामान आत नेत होती. मी अकराव्या मजल्याच्या आतल्या व्हरांड्यात वाकून बुटाची नाडी सोडवत होतो. नाडीला गाठ बसलेली, आणि वय पंचावन्न असल्यामुळे पोटही मध्ये येत होतं. वाकूनच जरा श्वास घ्यायला थांबलो आणि भप्पकन अंधार झाला. मी आमच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. पिशवीत टेस्टर आणि पक्कड असल्याशिवाय मी लग्नालासुद्धा जात नाही. टेस्टर काढला, भिंत चाचपत स्विचबोर्ड शोधायला लागलो आणि ओरडलो, "सुजाता, फ्यूज उडाला! कुणाला बोलवू नकोस, मी बघतो!"

सुजाता दारात आली आणि दिवा आपोआप लागला. मी एका हातात टेस्टर, एका पायात बूट, असा भिंतीला पालीसारखा चिकटलेला.

"बाबा, फ्यूज नाही उडाला. इथं माणूस हलला की दिवा लागतो."

"आणि नाही हलला तर?"

"तर तो नाहीच असं समजून बंद होतो."

"तुझ्या आईचंही माझ्याबाबतीत हेच म्हणणं आहे," मी म्हणलं आणि दुसरा बूट गाठीसकट ओढून काढला.

तर अशी माझ्या नवी मुंबईच्या सहलीची सुरुवात झाली. परत आल्यापासून गल्लीतले लोक विचारतायत की पोरगी तिकडं नेमकं करते काय. तोंडी सांगताना मी मध्येच भलतीकडं जातो, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, तेही तासभर. दिवाळी होऊन गेली होती, शाळेला अजून सुट्टी होती, तेव्हा खरं तर आम्ही दोघंही जाणार होतो. पण पाण्याचा वार मध्येच येत होता. पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी असावंच लागतं. बायको म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्यानं पिंप भरणं होत नाही, अर्धं अंगणात सांडता." म्हणून मी एकटा गेलो. सोबत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि पक्कड.

तुलना कुणाशी

सुजाता सिव्हिल इंजिनियर आहे. तिचं काम इमारत बांधायचं नाही. बांधलेली इमारत वीज आणि पाणी किती खाते त्याचा हिशोब लावून तिला ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग मिळवून द्यायचं, हे तिचं काम. आजवर ती मोठ्या साहेबांच्या हाताखाली कागद करत होती. नावड्याची ही इमारत पहिलीच, जिच्या अर्जावर 'प्रकल्प जबाबदारी' म्हणून तिचं एकटीचं नाव होतं. शनिवारी परीक्षक येणार होत्या. गुण 'गोल्ड' दर्जाच्या रेषेवर अडकलेले, आणि पाण्याचे गुण पडले की गोल्ड गेलं. गोल्ड गेलं असतं तर पुढची इमारत पुन्हा साहेबांच्या नावावर आणि आमची पोर पुन्हा कागदांच्या गठ्ठ्यात. हे तिनं मला चहा गाळता गाळता सांगितलं, जसं काही कुणा मैत्रिणीबद्दल बोलत होती.

ती एरवी कोपरखैरण्याला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. तिथं बापाला कुठं झोपवणार? इमारतीत अजून माणसं राहायला आली नव्हती. बिल्डरनं नमुना म्हणून सजवलेला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट त्या आठवड्यापुरता तिला दिला होता. भांडीकुंडी, पडदे, टेबलावर फुलदाणी, सगळं होतं. ती रात्री आपल्या खोलीवर परत जायची, म्हणून मी तिथला पहिला आणि एकटाच रहिवासी. पुढं जे झालं त्याला हीच गोष्ट कारण.

दुपारी तिनं मला गच्चीवर नेलं. बाराची वेळ, नोव्हेंबर असला तरी घाम गळत होता. "चपला काढा आणि चाला," ती म्हणाली. आमच्या घरच्या गच्चीवर या वेळेला अनवाणी गेलो तर तळपायाची भाकरी होते. इथं पांढऱ्या फुटक्या टाइलांचे तुकडे जोडून सगळी गच्ची मढवली होती. भीत भीत पाय ठेवला. गरम होती, पण सोसेल अशी. मी तीन फेऱ्या मारल्या. चौथी नुसतीच, मजा म्हणून.

"बाबा, कॉम्प्युटरमध्ये आम्ही या इमारतीची एक जुळी बहीण बांधतो," सुजाता सांगू लागली. "तेवढीच उंच, तेवढेच फ्लॅट, तोंडही त्याच दिशेला. पण भिंती साध्या, काचा साध्या, पंप साधे, नळ साधे. मग दोघींना वर्षभर चालवायचं. उन्हाळा, पावसाळा, एसी, लिफ्ट, सगळं. जुळीपेक्षा आपली जेवढी कमी वीज खाईल तेवढे गुण. पाण्याचंही तेच. साध्या नळातून माणसाला दिवसाला किती लागलं असतं आणि आपल्या नळातून किती लागेल."

"म्हणजे मार्क स्वतःचे नाहीत. शेजारच्या पोरापेक्षा किती जास्त, ते."

"तसंच."

"मग हे आपल्याकडं पहिल्यापासून आहे की. फक्त सर्टिफिकेट देत नाहीत."

ती हसली. मग पश्चिमेच्या खिडक्यांवर पुढं काढलेले सज्जे दाखवले, म्हणजे उतरतं ऊन काचेवर येत नाही. लिफ्टला, पंपाला आणि व्हरांड्यातल्या दिव्यांना वेगवेगळे मीटर दाखवले, म्हणजे बिल वाढलं तर चोर कोण ते कळतं. तळमजल्यावर एक हिरवी टाकी दाखवली. तिच्यात न्हाणीघराचं आणि संडासाचं पाणी शुद्ध होतं आणि दुसऱ्या पाइपातून परत फ्लशला आणि बागेला जातं. मी शास्त्राचा माणूस, म्हणून काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन उजेडात धरलं, वास घेतला. काही नाही. तरी ग्लास त्यानंतर मी चहाच्या भांड्यांत ठेवू दिला नाही.

जाळी

संध्याकाळी सुजाता कागदपत्रं घेऊन खालच्या साइट ऑफिसात बसली होती. मी हातपाय धुवायला बेसिनचा नळ सोडला. धार आली ती बारीक, फेसाळ, दुधाळ. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, बारीक धारेचा अर्थ एकच. पाणी जायला लागलं.

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. ते हातांनीच केलं. बादल्या भरल्या, टब भरला. स्वयंपाकघरात पातेली भरली, दोन तांबे भरले, कुकर भरला. शेवटी टेबलावरच्या फुलदाणीतली कापडी फुलं काढून तीही भरली. एवढं होऊनही धार तेवढीच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की नळाच्या तोंडाशी कचरा अडकला असणार. पिशवीतनं पक्कड काढली, पण तिची गरजसुद्धा लागली नाही. बोटांनी फिरवलं आणि नळाच्या तोंडातून एक छोटी जाळी हातात आली. कचरा कणभर नव्हता. पण जाळी काढल्याबरोबर पाणी असं धो धो आलं की मला धन्य वाटलं. लेकीच्या इमारतीतला एक बिघाड आपण गुपचूप काढला. सांगायचं नाही, उगाच तिला कमीपणा वाटायचा. जाळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली, उद्या कुणा प्लंबरला दाखवू म्हणून.

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर माझ्याच अक्षरात पाटी आहे : 'विचारल्याशिवाय कोणत्याही साहित्याला हात लावू नये.' दर जूनला मी ती नव्यानं रंगवतो.

जासई

शुक्रवारी सुजाताला मान वर करायला वेळ नव्हता. तिनं मला हरेशच्या ताब्यात दिलं. हरेश हा इमारतीच्या प्लंबिंगचा सगळा कारभार बघणारा, जासईचा, पस्तिशीचा, बोलका. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी त्याच्या गावाला जेवायला गेलो. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर असे की एकेक ओलांडेपर्यंत माझी अर्धी प्रार्थना म्हणून व्हायची.

"काका, घट्ट पकरा, पन माझा शर्ट फारू नका," हरेश म्हणाला.

जासईला त्याच्या आईनं तांदळाची भाकरी, खाडीतल्या कोलंबीचं कालवण आणि तळलेली मासळी वाढली. आमची भाकरी ज्वारीची, राकट. ही पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी पडणारी. मासळीशी माझी ओळख वर्षातून एकदाची. पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. मावशींनी न बोलता भाताचा कोरडा गोळा माझ्या पुढ्यात ठेवला आणि गिळायची खूण केली. गिळला. काटा गेला. मग म्हणाल्या, "हलू खा रं बाबा. मासा मेलेला हाय, पलनार नाय."

जेवण झाल्यावर हरेशनं मला मागच्या अंगणातली विहीर दाखवली. काठोकाठ भरलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, काय श्रीमंती आहे!"

"चाखून बगा." मी चूळ भरली आणि थुंकलो. मिठाचं पाणी.

"पयले हितं भातशेती होती, तिकरं मिठागरा," तो म्हणाला. "आता कंटेनर हायेत. पानी बगाल तिकरं हाय, पन प्याला नाय. म्हनून सुजातामॅडम नलाच्या मागं लागते तवा मी हसत नाय. बाकीचे हसतान."

"हसतात?"

"हसनार नाय तं काय? दर गुरुवारी येते, एकेक माल्यावं जाते, बादली लावते, घर्‍याल लावते, वहीन लिवते. आमी म्हनतो, मॅडम, नल हाय तो, पेशंट नाय."

मला इतकं बरं वाटलं की मी मावशींकडून आणखी एक भाकरी मागून घेतली. खिशातली जाळी त्याला दाखवायची मात्र साफ विसरलो.

शनिवार

परीक्षक बाई पन्नाशीच्या, बारीक, सुती साडी, खांद्याला पिशवी. पिशवीत स्वतःची मापाची बादली आणि स्टॉपवॉच. दुसऱ्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. हे बघूनच माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला.

सकाळभर त्यांनी इमारत खालून वर पिंजून काढली. पंपांवरच्या पट्ट्या वाचल्या. व्हरांड्यातले दिवे मोजले. काचांची बिलं आणि बसवलेल्या काचांवरचे शिक्के जुळवले. भर दुपारी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून उभ्या राहिल्या. गच्चीवर त्याही चपला काढून चालल्या. सुजाता प्रत्येक प्रश्नाला कागद काढून देत होती, आणि जिथं कागद नव्हता तिथं सरळ "हे नाही माझ्याकडे" म्हणत होती. मी दहा पावलं मागून चालत होतो. बापाचं तिथं काही काम नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही.

मग नळांची पाळी आली. पद्धत सोपी. एक मिनिट नळ पूर्ण सोडायचा, खाली मापाची बादली, किती भरलं ते वाचायचं. खालच्या आणि वरच्या मजल्यांवर पाण्याचा दाब वेगळा, म्हणून दोन्हीकडं बघायचं. दुसऱ्या मजल्यावर पाणी तीन लिटरच्या रेषेच्या जरा खाली, अर्जात लिहिल्याप्रमाणेच. सतराव्यावरही तेवढंच. बाईंनी वहीत लिहिलं. सुजाताच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं मला मागून दिसलं.

"आता माणूस राहतोय तो फ्लॅट बघू," बाई म्हणाल्या. "रिकाम्या घरात सगळेच नळ शहाणे असतात."

आम्ही अकराव्या मजल्यावर आलो. बाईंनी बेसिनचा नळ सोडला, स्टॉपवॉच दाबलं. बादली चारच्या रेषेवर गेली, पाचच्या, सहाच्या. मिनिट संपायच्या आत ती काठोकाठ भरून माझ्या चपलांपर्यंत पाणी आलं.

हरेशनं नळाच्या तोंडाखाली बोट घालून बघितलं आणि डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या खिशात काय आहे : धार बारीक करून पाणी वाचवणारी जाळी.

सुजातानं आपली वही उघडली. "मॅडम, परवा गुरुवारी सकाळी याच नळाला तीनच्या खाली होतं. ही नोंद. आता जाळी नाहीये." मग ती वळली. "बाबा?"

मी खिशातून रुमाल काढला. जाळीबरोबर सुपारीचा तुकडा आणि बसचं तिकीटही निघालं. सगळंच बेसिनच्या कडेवर ठेवलं.

"मी काढली," मी म्हणालो. "तिला माहीत नाही. धार बारीक येत होती."

"मग?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडं धार बारीक झाली म्हणजे पाणी जाणार असतं. म्हणून आधी भरून ठेवलं, मग म्हणलं, कचरा अडकलाय का बघावं."

"भरून ठेवलं म्हणजे?"

हरेशनं न्हाणीघराचं दार उघडलं. बादल्या, टब. बाई स्वयंपाकघरात गेल्या. पातेली, तांबे. त्यांनी कुकरचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. मग फुलदाणीत डोकावल्या. सव्वीस वर्षं मी पोरांना मोजमापाच्या शिस्तीवर भाषणं दिली आहेत. ती सगळी एकदम आठवली.

बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "ठीक आहे. जाळी लावा परत. पुन्हा मोजू. तीन आलं की संपलं."

हरेशनं जाळी उचललीसुद्धा. मी मनात सुटलो. तेवढ्यात सुजाता म्हणाली, "थांबा हरेशदादा." मग बाईंकडं बघून, "मॅडम, आता लावून मोजलं तर तीन येईल. पण बाबांनी जे केलं ते इथं राहायला येणारा दुसरा माणूसही करेल. जाळी बोटांनी निघते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आज कागदावर पाणी वाचेल, घरात वाचणार नाही. तुम्ही आत्ताचा आकडाच लिहा. मला चावीनं उघडणाऱ्या जाळ्या बसवायला वेळ द्या."

हरेश पुटपुटला, "मॅडम, एकशे आठ फ्लॅट हायेत."

"मोजलेत मी."

बाईंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग लिहिलं. "पाण्याचे गुण राखून ठेवते. पंधरा दिवसांत सगळ्या जाळ्या बदलून प्रत्येक नळाचं माप पाठवा. नाही जमलं तर गुण गेले, हे समजून घ्या."

"समजलं," सुजाता म्हणाली.

बाई गेल्यावर अर्ध्या तासात तिच्या साहेबांचा फोन आला. आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता. जाळी लावून मोजायला परीक्षक बाई स्वतः सांगत होत्या, मग तू कशाला तोंड उघडलंस, असा एकूण सूर. सुजाता एवढंच म्हणाली, "सर, बादलीत जे आलं तेच सांगितलं. जाळ्या मी बसवून घेते."

गच्ची

ऊन कलल्यावर मी गच्चीवर जाऊन बसलो. दूर तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, त्यांच्या मागं डोंगर. सुजाता येऊन शेजारी बसली. मी विचार करून दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती, पण एकही नीट बाहेर येईना.

"तुझं गोल्ड मी घालवलं, पोरी."

"गेलं नाही अजून. आणि बाबा, चूक माझीच आहे. मी आपल्याच घरात वाढले. धार बारीक झाली की आई कशी पळायची ते मला माहीत होतं. आणि एवढ्या नळांची धार बारीक करताना मी तेच विसरले. पाणी कमी आलं की माणूस घाबरतो, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही."

आमच्या आजोबांच्या गावात एक विहीर होती. तिला पाणी भरपूर होतं, पण आमच्या वस्तीतल्या बायांना काठापर्यंत जायची परवानगी नव्हती. त्या लांब घागरी ठेवून उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतायचा. किती पाणी मिळणार ते विहीर नाही, ओतणारा ठरवायचा. वडील हे सांगताना कधी आवाज चढवत नसत, म्हणून ते जास्त लागायचं. त्या घरातली ही पोर. आज एकशे आठ घरांच्या नळातून किती पाणी यावं ते ती ठरवते, आणि सगळ्यांना सारखं. दुसऱ्या मजल्याला तीनच्या खाली, सतराव्यालाही तीनच्या खाली. माप बघायला परक्या बाईच्या हातात बादली देते आणि चुकलं तर स्वतःच्या नावावर घेते.

हे मी तिला बोललो नाही.

"एक सुचवू का?" मी म्हणलं. "तुमच्या नळाजवळ लिहा की पाणी जाणार नाहीये. मला एवढं कुणी सांगितलं असतं तर मी कशाला भरलं असतं?"

तिनं फोन काढला आणि ते लिहून घेतलं. इतक्या गांभीर्यानं, की मला मी तज्ज्ञ असल्यासारखं वाटलं.

प्रयोग क्रमांक एक

माझं रविवारचं तिकीट मी रद्द केलं. घरी फोन केला. बायको म्हणाली, "राहा. निस्तरून या." एवढंच.

नव्या जाळ्या मंगळवारी आल्या. हरेश चावीनं बसवायचा, मी मापाची बादली लावायचो, सुजाता संध्याकाळी नोंदी तपासायची. पहिल्याच दिवशी मी हरेशला थांबवलं. तो उभ्यानं बादलीत बघून आकडा सांगत होता. म्हणलं, "हरेशराव, डोळे पाण्याच्या पातळीत आणा. वरून बघितलं की माप चुकतं. आणि पाणी कडेला चढलेलं दिसतं ते वाचायचं नाही, मधलं वाचायचं." तो पोटावर आडवा झाला, बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमी खरंच मास्तर हाव?"

"मास्तर नाही. मास्तरांचं सामान सांभाळतो."

"तरीच नल उघरून बगितला."

सगळ्या नळांना नऊ दिवस लागले. मी प्रत्येक मजल्याची नोंद आमच्या जर्नलसारखी लिहिली. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सुजाता म्हणाली, एवढं नको. मी म्हणलं, असू दे. तिनं ती पानं तशीच्या तशी अहवालाला जोडली, आणि 'नोंद घेणारा' या रकान्यात माझं नाव घातलं. शाळेच्या जर्नलवर नेहमी विद्यार्थ्याचं नाव असतं आणि मास्तरांची सही. सामान काढून देणाऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच छापलेलं बघितलं.

निघायच्या दिवशी अकराव्या मजल्यावरच्या बेसिनच्या आरशाच्या कोपऱ्यात एक छोटी चिकटपट्टी लागली होती. तशा प्रत्येक घरात लागणार होत्या. 'धार बारीक आहे. पाणी जाणार नाही.' मी हात धुतले आणि नळ बंद केला. एकही भांडं न भरता. याला किती जोर लागला ते आमच्या गावच्या माणसालाच कळेल.

घर

फोन आला तेव्हा मला परत येऊन महिना होत आला होता. पाण्याचे गुण पूर्ण मिळाले. इमारतीला गोल्ड मिळालं. पुढची इमारत उलव्याची, आणि अर्जावर नाव सुजाताचं, एकटीचं. परीक्षक बाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं म्हणे, की चिकटपट्टीची कल्पना चांगली आहे. मी फोन ठेवायच्या आधीच अर्ध्या गल्लीला सांगून झालं होतं. उरलेल्या अर्ध्या गल्लीला पेढे आणताना सांगितलं.

पुडा घेऊन मागच्या अंगणात गेलो. बायको धुणं पिळून दोरीवर टाकत होती. तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. जुळी बहीण, पांढरी गच्ची, वापरलेलं पाणी परत फ्लशला नेणारी ती हिरवी टाकी, आणि शेवटी गोल्ड. जाळीचा भाग मी जरा भरभर उरकला.

तिनं ओल्या हातानंच एक पेढा उचलला, खाल्ला. मग धुण्याच्या पाण्यानं भरलेली बादली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, धुण्याचं पाणी संडासाला आणि तांदळाचं पाणी कढीपत्त्याला घालत मोठी झालीय ती ह्या घरात. गोल्ड नाही मिळणार तर काय मिळणार? आता ही बादली आत नेऊन ठेवा, आणि वाटेत कुठल्या नळाला हात लावू नका."